खरगपूरभोवतीचे बी-२९ तळ : वर्षभरासाठी बांधलेल्या धावपट्ट्या

सुवर्णरेखा

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय विमानतळांचा विषय निघाला की गाडी थेट आसामात जाते आणि 'हंप'वरून, म्हणजे हिमालयावरच्या हवाई मार्गानं, चीनला होणाऱ्या वाहतुकीपाशी थांबते. खरगपूरच्या भोवती आणखी एक जाळं होतं, त्याचं नाव सहसा कुणी काढत नाही. खरगपूरलगतचं सालुआ, पलीकडे कलाईकुंडा, दुधकुंडी, विष्णुपूरजवळच्या जंगलातलं पियारडोबा, तेव्हाच्या बिहारमधलं चाकुलिया आणि पुरुलियाजवळचं छर्रा (पुरुलियाही १९५६ पर्यंत बिहारातच). अमेरिकेच्या बी-२९ बाँबफेकी विमानांनी जपानच्या मुख्य बेटांवर पहिला हल्ला केला, ती विमानं या तळांवरची. नोकरीमुळे काही वर्षं जमशेदपूरला होतो, तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. माहीत आहे तेवढं मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

बी-२९ हे त्या युद्धातलं सर्वांत महागडं शस्त्र. अणुबाँबच्या प्रकल्पाला सुमारे २०० कोटी डॉलर लागले, या विमानाला सुमारे ३००. पंखांची लांबी १४१ फूट, भरलेल्या विमानाचं वजन साठ टनांच्या घरात, आणि माणसं बसतात त्या भागात हवेचा दाब राखण्याची सोय. विमान १९४४ च्या सुरुवातीला हाताशी आलं, पण जिथून जपान गाठता येईल असा तळच नव्हता. प्रशांत महासागरातली मारियाना बेटं जपान्यांकडे. रशिया जपानशी लढतच नव्हता. राहिला चीन. रूझवेल्टना चीनचे नेते चँग कै-शेक यांच्यासाठी काहीतरी ठोस करून दाखवायचं होतं, त्यामुळे सैनिकी हिशेबाच्या जोडीला राजकारणही आलं. योजनेचं नाव 'मॅटरहॉर्न'. विमानांचं बिऱ्हाड बंगालमध्ये. हल्ल्याच्या वेळी हिमालय ओलांडून चेंगडूभोवतीच्या चार तळांवर उतरायचं, इंधन भरायचं, जपानवर बाँब टाकून चेंगडूला परत, तिथून पुन्हा बंगाल.

खरगपूरच का? ब्रह्मदेशातल्या जपानी तळांपासून पुरेसं लांब, कलकत्त्याचं बंदर जवळ, बंगाल-नागपूर रेल्वेचं मोठं जंक्शन दाराशी, आणि जमीन सपाट, लाल, घट्ट. शिवाय बी-२४ विमानांसाठी ६००० फुटांच्या धावपट्ट्या इथे आधीच होत्या. बी-२९ ला ७५०० फूट हव्या होत्या, म्हणजे जवळपास २.३ किलोमीटर, आणि जाडही जास्त. ते काम सुमारे ६००० अमेरिकी सैनिक आणि २७००० भारतीय मजुरांनी केलं. कलकत्त्याजवळच्या बजबजहून तळांपर्यंत इंधनाची पाइपलाइन टाकली. पहिलं बी-२९ चाकुलियाला उतरलं ते २ एप्रिल १९४४ ला, तेव्हा कामं अर्धवटच होती. एका गटाला दुधकुंडी तयार होईपर्यंत छर्ऱ्याला दिवस काढावे लागले.

पहिली मोहीम ५ जून १९४४, बँकॉकच्या मक्कासान रेल्वे कारखान्यावर. ९८ विमानं उडाली, ७७ पोचली, पाच गमावली, आणि त्यातलं एकही शत्रूच्या गोळीनं नाही. नेमक्या जागी पडलेले बाँब वीसही नव्हते. दहा दिवसांनी, १५ जूनच्या रात्री, चेंगडूमार्गे जपानमधल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावर ६८ विमानं निघाली, ४७ नी तिथे बाँब टाकले. लक्ष्य होतं कोक भट्ट्यांचं. भट्ट्या शाबूत राहिल्या. पण १९४२ मध्ये अमेरिकी विमानांनी केलेल्या डूलिटल हल्ल्यानंतर जपानच्या मुख्य बेटांवर पहिल्यांदाच विमानातून बाँब पडत होते, अमेरिकेत केवढा गाजावाजा झाला असेल बघा.

तिरकस तात्या

थांबा, थांबा. विमान बंगालमध्ये, बाँब बंगालमध्ये, पेट्रोल बंगालमध्ये, आणि हल्ला चीनमधून? मधे हिमालय? चेंगडूला पेट्रोल कुठून यायचं मग?

सुवर्णरेखा

तात्या, नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. चेंगडूला पेट्रोलही बंगालमधूनच आणि तेही विमानातून. चीनचा किनारा जपान्यांकडे, ब्रह्मदेशाचा रस्ता तुटलेला, त्यामुळे बाँब, सुटे भाग, मशीनगनच्या गोळ्या, सगळंच हिमालयावरून. खरगपूर ते चेंगडू साधारण १९०० किलोमीटर. एक गॅलन चेंगडूला उतरवायचा तर साधारण दोन गॅलन वाटेत जळायचे, वारा समोरून असला तर त्याहून जास्त. एका विमानानं जपानवर एक फेरी मारावी, यासाठी आधी सरासरी सहा फेऱ्या नुसत्या मालवाहतुकीच्या. काही बी-२९ विमानांच्या तर तोफा काढून त्यांचे टँकर केले. जगातलं सर्वांत महाग बाँबफेकी विमान पेट्रोल वाहायला जुंपलं!

चेंगडूच्या धावपट्ट्या हा वेगळा विषय आहे. तिथे लाखो शेतकरी कामाला लावले होते. नदीतले गोटे वाहून आणायचे, खडी हातानं फोडायची आणि दगडी रूळ शेकडो माणसांनी दोरखंडानं ओढायचा.

नटबोल्ट

मस्त धागा. मी यांत्रिकी शाखेचा, म्हणून इंजिनाबद्दल लिहितो.

बी-२९ ला राइट कंपनीची चार आर-३३५० इंजिनं. प्रत्येकी अठरा सिलिंडर, दोन रांगांत तारकेसारखे मांडलेले. मागच्या रांगेला गार हवा नीट मिळायची नाही. वजन वाचवायला क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मधल्या कवचात, मॅग्नेशियम वापरलेलं. मॅग्नेशियम एकदा पेटलं की विझवायची सोय नाही, आणि इंजिनाच्या मागे पंख, पंखात पेट्रोल. अमेरिकेतच हा दोष उघडा पडला होता, पण विमानं तशीच धाडली. कॅन्सासहून माराकेश, कैरो, कराची असं येताना कराचीच्या आसपास काही विमानं इंजिनं तापून पडली आणि सगळा ताफा थोडे दिवस जमिनीवर बसवावा लागला.

आता हेच इंजिन एप्रिल-मेच्या मेदिनीपूरमध्ये चालवा. गरम हवा विरळ असते. त्यामुळे पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, सिलिंडर गार करायला हवाही कमी. तिन्ही बाजूंनी मार. उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते आणि तेवढा वेळ इंजिन पूर्ण जोरावर. म्हणून उड्डाणं शक्यतो गारव्यात. दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावता यायचा नाही, दुरुस्ती पहाटे किंवा रात्री दिव्याखाली. ७५०० फूट ही चैन नव्हती, बंगालच्या उन्हात तीसुद्धा जेमतेमच.

इछामती

इंजिनाच्या उष्म्याबद्दल वाचलं. २७००० मजूर या आकड्यावर मात्र कुणीच थांबलं नाही.

कोणतं वर्ष चाललंय ते बघा. १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर भयानक चक्रीवादळ आलं. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ. मृतांचे अंदाज वीस-तीस लाखांच्या घरातले, आणि मेदिनीपूर हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी. त्याच जिल्ह्यात तामलूकला 'छोडो भारत' चळवळीतल्या लोकांनी समांतर 'जातीय सरकार' चालवलं, डिसेंबर १९४२ पासून १९४४ पर्यंत. अशा जिल्ह्यात १९४४ च्या उन्हाळ्यात काँक्रीट ओतायला हजारोंनी माणसं मिळाली, यात नवल कसलं? पोटाला मिळेल तिथे माणूस जाणारच. हल्ला करणाऱ्या एकेका विमानाचं टोपणनाव आणि वैमानिकाचं गाव नोंदलेलं सापडतं. धावपट्टी घालणाऱ्यांची मात्र संख्या उरते फक्त.

दुसरं, मुख्यालय. या विमानदळाचं, म्हणजे विसाव्या बाँबर कमांडचं, मुख्यालय होतं हिजली बंदी छावणीच्या इमारतीत. तीच हिजली, जिथे १६ सप्टेंबर १९३१ ला पोलिसांनी निःशस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त मारले गेले. १९४२ मध्ये छावणी बंद झाली, मग तिथे अमेरिकी अधिकारी नकाशे पसरून बसले. १९५१ मध्ये त्याच इमारतीत देशातल्या पहिल्या आयआयटीचं मौलाना आझादांच्या हस्ते उद्घाटन झालं. वीस वर्षांत एका वास्तूनं तीन अवतार घेतले. आता तिथे संग्रहालय आहे.

तिरकस तात्या

हिजलीचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

मलंगवाट

जमिनीचा विषय निघालाच आहे म्हणून आपल्या दारातलं उदाहरण. कल्याणहून हाजी मलंगकडे जाताना नेवाळीला युद्धकाळातली धावपट्टी आहे. आजूबाजूच्या गावांची सुमारे १६०० एकर जमीन १९४२-४३ च्या सुमारास घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी पुन्हा कसायला लागले. पुढे नौदलानं कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जून २०१७ ला तिथे मोठा उद्रेक झाला. पोलिसांच्या गाड्या जळाल्या. बातमी बघून बाहेरच्यांना वाटलं, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं भांडण आत्ता कसं उकरलं? तिथल्या माणसासाठी ते मिटलंच नव्हतं.

बंगालमधल्या तळांखालच्या जमिनीही अशाच घेतल्या होत्या का?

इछामती

हत्यार तेच होतं. भारत संरक्षण कायदा १९३९ आणि त्याखालच्या नियमांतला ७५-अ. या नियमानं सरकारला स्थावर मालमत्ता युद्धकामासाठी ताब्यात घेता यायची. यात मेख अशी की ताबा घेणं म्हणजे मालकी घेणं नव्हे. ताबा सरकारकडे, मालक शेतकरीच, आणि त्याला मोबदला. युद्ध संपल्यावर एक तर जमीन परत करायची, नाहीतर रीतसर संपादन करून पूर्ण किंमत मोजायची. पण युद्धकालीन कायदा संपत आला तशी सरकारची पंचाईत झाली, म्हणून १९४७ मध्ये ताबा चालू ठेवण्यापुरता वेगळा कायदा केला आणि १९५२ मध्ये स्थावर मालमत्तेच्या ताब्याचा आणि संपादनाचा नवा कायदा आला. १९४२ चा ताबा, १९४७ ची मुदतवाढ आणि पुढचं संपादन, या साखळीतला एखादा कागद गहाळ झाला की झालीच नेवाळी.

बंगालमध्ये पियारडोबासारख्या ठिकाणी जंगलही बरंच होतं, त्यामुळे प्रत्येक तळाची गोष्ट वेगळी. सरसकट विधान करणार नाही.

शिलेदार

धाग्याचा सूर 'सगळा पैसा पाण्यात' असा चाललाय, म्हणून दुसरी बाजू.

चेंगडूमार्गे जपानवर हल्ले हा भाग फसला, मान्य. पण बंगालमधून थेट केलेल्या मोहिमा बघा. ५ नोव्हेंबर १९४४ ला ५३ विमानं खरगपूरच्या तळांवरून सिंगापूरवर जाऊन धडकली, जाऊन-येऊन जवळपास ६००० किलोमीटर, आणि तिथली किंग जॉर्ज सहावी सुकी गोदी महिनोन्महिने निकामी केली. मोठी जपानी जहाजं दुरुस्त करायची ती जागा. यात चीनचा काही संबंध नाही, हिमालय नाही, पेट्रोलची खेप नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये सिलोनच्या चायना बे तळावरून सुमात्रातल्या पालेम्बांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंतची मोहीम झाली, ती तर याहूनही लांब.

आणि शिकणं. पहिले सेनापती वुल्फ यांना परत बोलावून २९ ऑगस्टला कर्टिस लेमे आले. त्यांनी विमानांची रचना बदलली, प्रशिक्षण कडक केलं. १८ डिसेंबर १९४४ ला जपान्यांच्या ताब्यातल्या चीनमधल्या हँकाउवर ८४ बी-२९ नी आगलावे बाँब टाकले, गोद्यांचा भाग दिवसेंदिवस जळत राहिला. तीन महिन्यांनी, ९-१० मार्च १९४५ च्या रात्री, आगलाव्या बाँबनी टोकियोत जे झालं त्याची तालीम हीच, असं बरेच इतिहासकार मानतात. या तालमीचं कौतुक करावं की नाही हा वेगळा प्रश्न, पण खरगपूरचा अध्याय निष्फळ होता असं म्हणता येत नाही.

सुवर्णरेखा

शिलेदार, सिंगापूरचा मुद्दा मान्य. हँकाउचा अर्धा. तालीम झाली, पण लेमेंनी टोकियोला विमानं खालून, रात्री, जवळजवळ तोफांशिवाय नेली, तो निर्णय मारियानात घेतलेला आहे.

माझा मुद्दा पैशाचा नाहीच. वेळापत्रकाचा आहे. ज्या दिवशी यावातासाठी विमानं उडाली, त्याच १५ जूनला अमेरिकी सैन्य मारियानातल्या सायपनवर उतरलं. म्हणजे बंगालचे तळ पहिलं मोठं काम करत असतानाच त्यांची सद्दी संपवणारी बेटं हातात यायला लागली. २४ नोव्हेंबरला सायपनहून बी-२९ टोकियोवर गेली, तिथे पेट्रोल जहाजानं यायचं. त्यानंतर चेंगडू कशाला हवं? जानेवारी १९४५ मध्ये चीनचे तळ सोडले, मार्चअखेर बंगालमधून शेवटची मोहीम झाली आणि ताफा मारियानातल्याच टिनियनला गेला. पहिलं विमान उतरल्यापासून मोजा, पुरतं एक वर्ष. एकूण ४९ मोहिमा. जपानच्या मुख्य बेटांवरच्या त्यातल्या जेमतेम नऊ.

पण काँक्रीट तेवढ्यापुरतं ओतता येत नाही. साठ टनांच्या विमानासाठी घातलेली पट्टी एका वर्षासाठी घाला की पन्नास, जाडी तीच.

नटबोल्ट

एक गंमत राहिली. जुलै १९४४ मध्ये जपान्यांच्या ताब्यातल्या मांचुरियावरच्या (ईशान्य चीन) हल्ल्यात पियारडोबाच्या गटातलं 'रॅम्प ट्रॅम्प' नावाचं विमान बिघडलं आणि व्लादिवोस्तोकला उतरलं. रशिया तेव्हा जपानशी तटस्थ, त्यामुळे विमान अडकवून ठेवलं. नोव्हेंबरमध्ये खरगपूरच्या गटातली आणखी दोन तशीच गेली. वैमानिकांना पुढे गुपचूप इराणमार्गे सोडलं, विमानं मात्र ठेवून घेतली. स्टालिनच्या हुकुमावरून विमान रचनाकार तुपोलेवच्या लोकांनी एक विमान सुटं करून त्याचा स्क्रू न् स्क्रू मोजला, दुसरं उडवून पाहिलं, तिसरं नमुना म्हणून ठेवलं. त्यातून टू-४ हे सोव्हिएत बाँबफेकी विमान तयार झालं. मे १९४७ मध्ये पहिलं उड्डाण, ऑगस्टमध्ये मॉस्कोजवळ तुशिनोला प्रदर्शन. पाश्चात्त्य निरीक्षकांना आधी वाटलं, ही अडकवलेलीच तीन विमानं दाखवतायत. मागून चौथं आलं!

म्हणजे सोव्हिएत अणुबाँब वाहू शकणाऱ्या पहिल्या विमानाचं एक मूळ बांकुड्याच्या सालवनात.

तिरकस तात्या

नटबोल्ट, यावर वेगळा धागा काढा. टायर आणि पत्र्याच्या जाडीची भानगड ऐकलीय, इंच आणि मिलिमीटरची.

नटबोल्ट

काढतो. अमेरिकी पत्रा इंचात, रशियन गिरण्या मिलिमीटरमध्ये. तेवढ्यापायी प्रत्येक भागाचा हिशेब नव्यानं करावा लागला. इथे अवांतर नको.

भटकभवानी

मी पर्यटक जमातीतली, इतिहासात कच्ची. दोन प्रश्न. यातलं आज बघण्यासारखं काय आहे? आणि उपग्रह नकाशावर ओळखायचं कसं?

सुवर्णरेखा

नकाशावर सोपं आहे. पियारडोबा रेल्वे स्टेशन शोधा, खरगपूर-बांकुडा मार्गावर. जवळच्या जंगलात एक फिकट, सरळ, रुंद रेघ दिसेल. निसर्गात एवढं सरळ काही नसतं. मग रेघेच्या बाजूला निघालेल्या वळणदार वाटा आणि त्यांच्या टोकाचे गोल ठिपके बघा. ती विमानं उभी करायच्या जागा. एकाच ओळीत विमानं लावली तर शत्रूच्या एका फेरीत सगळी जातील, म्हणून विखरून ठेवायची. हे ठिपके दिसले की समजा, पट्टी युद्धकाळातली आहे.

जमिनीवर गेल्यावर फार अपेक्षा ठेवू नका. काँक्रीटच्या चौकटींमधल्या फटींतून गवत आणि झुडपं आलेली, कडा लोकांनी फोडून नेलेल्या. छर्ऱ्याची पट्टी मोकळ्या माळावर आहे. तिथे प्रवासी विमानतळ करायच्या घोषणा अधूनमधून होतात, तेवढ्यापुरतं झाडलोट होत असावी. धान वाळवायला, गाडी शिकायला गावकऱ्यांना याहून चांगली जागा कुठली? चाकुलियाला हावडा-टाटानगर मार्गावरच्या गाडीनं उतरता येतं.

भटकभवानी

आणि कलाईकुंडा?

शिलेदार

ते हवाई दलाचं चालू स्टेशन आहे, आत शिरायचं स्वप्नही नको. या सगळ्या जाळ्यातलं तेच एक खऱ्या अर्थानं जिवंत राहिलं. ७ सप्टेंबर १९६५ ला पूर्व पाकिस्तानातल्या सेबर विमानांनी त्यावर हल्ला केला. सकाळच्या पहिल्या हल्ल्यात जमिनीवर उभी असलेली आपली विमानं जळाली. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक आणि त्यांचे जोडीदार हंटर विमानांतून वर तयार होते आणि खडाजंगी झाली. कुक यांना वीरचक्र मिळालं. इथे पुन्हा तोच धडा, विमानं विखरून ठेवण्याचा, सुवर्णरेखांनी वर लिहिलाय तो.

इछामती

भटकभवानी, दुधकुंडीच्या वाटेलाही जाऊ नका. नकाशावर धावपट्टी मोकळी दिसते, पण तो हवाई दलाचा बाँबफेकीच्या सरावाचा पट्टा आहे. खरगपूरला एक दिवस ठेवा, हिजलीचं संग्रहालय बघा, तिथे जायला आडकाठी नाही. मग रेल्वेनं पियारडोबा करा आणि पुढे विष्णुपूरची टेराकोटाची मंदिरं. हिवाळ्यात जा. मे महिन्यात तिथे काय होतं ते नटबोल्टनी सांगितलंच आहे.

मलंगवाट

इछामतीताई, १९५२ च्या कायद्याखाली मोबदल्याचा वाद कुणापुढे जातो? आमच्याकडच्या एका जुन्या सातबाऱ्यावरची नोंद समजून घ्यायची आहे.

इछामती

रकमेवर एकमत झालं नाही तर सरकार लवाद नेमतं आणि त्याच्या निवाड्यावर उच्च न्यायालयात अपील करता येतं. पण आधी नोंदीवरचा फेरफार क्रमांक बघा आणि तो फेरफार तलाठ्याकडून काढून घ्या. ताबा आहे की संपादन, ते तिथेच कळेल. नाव-गट क्रमांक झाकून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघते.